दोन सेकंद

दोलोनच्या चढाला, तिसऱ्या वळणावर,
जिथं लोखंडी कठड्याला कुणीतरी निळं फडकं बांधून ठेवलंय,
तिथं गाडीला धाप लागायची.
आधी एक गचका, मग दुसरा,
मग अंगच सैल सोडून द्यायची, ऐन चढावर, ट्रकच्या पुढ्यात.

मी म्हणायचो, हवा विरळ आहे.
तीन हजार मीटरवर माणसाचा जीव घाबरा होतो,
तिथं हिची काय कथा. ऑडी शंभर, एक्क्याण्णव सालची,
जर्मनीतल्या कुणा दंतवैद्यानं वापरून टाकलेली.
प्लग बदलले. फिल्टर बदलला.
नाक्यावरच्या पेट्रोलात भेसळ असते म्हणून नाका बदलला.
बुर्मा म्हणाली, आता मलाही बदलून बघ.

मागच्या सीटवर बायका कुरुत चघळत बसायच्या.
एकीनं विचारलंही होतं,
ह्या सीटमागं गांधीलमाशी अडकलीय का हो?
मी हसलो. माझ्या तर काही कानावर नव्हतं.

शेवटी कोचकोरला, एसेंगुलच्या शेडमध्ये.
सव्वीसचा पोरगा. बोनेट उघडलंच नाही त्यानं.
रेडिओ बंद केला, कुत्र्याला हाकललं,
डिकीतून बटाट्याचं पोतं काढलं, स्टेपनी काढली,
गालिचा उचलून गोल झाकणाशी डोकं नेलं.
‘काका, चावी फिरवा. सुरू नका करू. फक्त दिवे लागू देत.’
फिरवली.
‘आला आवाज?’
कसला?
‘पंपाचा. दोन सेकंद गुणगुणतो, दाब धरतो, मग गप्प. आला?’
मी म्हणालो, आला.

आला नव्हता.
दिवे लागलेले दिसले. पत्र्यावर चिमण्या नाचताना दिसल्या.
पुन्हा. पुन्हा. पाचव्यांदाही मी मान हलवली,
परक्या गावच्या लग्नातल्या विनोदाला हलवतात तशी.

मग मोजमाप. वायरींना मीटर लावला: बारा पूर्णांक एक.
‘विजेचा दोष नाही.’
रिले उपसून उन्हात धरला, डाग शाबूत.
नळीला गेज जोडलं. इंजिन थंड तोवर काटा जागेवर.
वीस मिनिटं चालू ठेवलं, टाकी पावच होती, नेहमीसारखी,
आणि काटा उतरू लागला,
म्हातारा खाटेवरून एकेक पाय खाली सोडतो तसा.
एसेंगुल गाडीखाली सरपटला. टाकीला लाकडी हातोडा, एकदाच.
काटा उडी मारून वर.

‘बघा. झोपतो. ठोकला की उठतो.
पेट्रोलात बुडालेला असतो तेव्हा गार राहतो,
तुम्ही पाव टाकीवर पळवता, उघडा पडतो, तापतो.
वर्षभर रडत असणार हा. एवढा आवाज,
तुम्हाला कसा...’
आणि थांबला.
माझ्याकडे पाहिलं नाही त्यानं. हात पुसत राहिला,
आधीच पुसलेले हात.

पाव टाकीचं त्याला काय सांगू.
टाकी भरायला पैसे निघतानाच लागतात
आणि भाडं मिळतं नारीनला पोचल्यावर.

नवा पंप बिश्केकहून मिनीबसनं आला, बुटाच्या खोक्यातून.
जुना वर काढला, तर एवढासा. मुठीत मावेल असा.
जाळीला काळा गाळ.
चावीपाशी ह्या वेळी एसेंगुल बसला.
म्हणाला, काका, तुम्ही मागं या.
कान नका लावू. हात ठेवा.

तळव्याखाली काहीतरी झालं.
माशी बसली की घोड्याची कातडी थरथरते, तसं,
पण नेमकं, मोजून.
मी म्हणालो, आला.

काल दोलोन चढलो. चार माणसं, एक शिलाई मशीन, अर्धी टाकी.
निळं फडकं दिसलं तसा
पाय आपोआप उचलला गेला, गचक्याच्या तयारीत.
गाडीनं काही केलं नाही.
मागची बाई काहीतरी म्हणाली.
मी आरशात तिचे ओठ पाहिले
आणि म्हटलं, जरा मोठ्यानं बोला,
मला कमी ऐकू येतं.